जागचं हलायचं नाही

सिस्टरनं गाडीच्या काचेवर टकटक केली तेव्हा रेडिओवर बेसबॉलचा आठवा डाव चालू होता, आमचे दोघं बेसवर होते आणि एकच बाद झालेला होता. मी काच खाली केली नाही. नुसतं बोट वर केलं, थांब म्हणून. त्या बोटाची मला आजही लाज वाटते, पण केलं ते केलं. आणि नवल म्हणजे ती थांबलीही. हॉस्पिटलच्या गाडीतळावर, पांढऱ्या कपड्यांवर कुणाचा तरी ढगळ कोट घालून, सरोवराकडून येणाऱ्या गार वाऱ्यात ती उभी राहिली आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली, जणू रेडिओ माझ्या तोंडातच होता. मग तिनंच पलीकडचं दार उघडलं, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बॅटवर कोण आहे?" मी म्हटलं, "टिल्मन." तिनं श्वास आत घेतला तो बाहेर सोडलाच नाही. या गावात जन्मलेल्या माणसाला टिल्मन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मग थोड्या वेळानं, रेडिओकडेच बघत, ती म्हणाली, "मिस्टर बारान, तुम्ही वर यायला हवं." मी विचारलं, "आयरीननं बोलावलंय?" ती म्हणाली, "हो." पण ज्या रीतीनं म्हणाली त्यावरून मला कळलं की आयरीननं बोलावलेलं नाही. आयरीन मला बोलावणार नव्हती. तिनंच तर मला खाली धाडलं होतं.

मी मुळात या धर्मातला नाही. मी कोळशाच्या डोंगरातला. आमच्याकडे माणसं रविवारी चर्चला जायची आणि उरलेले सहा दिवस खोकायची, टीमबिम कुणाला ठाऊक नव्हती. लग्न करून मी या शहरात आलो, सरोवराच्या तळाखालच्या मिठाच्या खाणीत कामाला लागलो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सासरच्या मागच्या पायरीवर एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मला पाऊण तास बसवून ठेवण्यात आलं. काय झालं होतं, तर मी बूट घालत असताना आतल्या रेडिओवर आमच्या टीमनं लागोपाठ दोन फटके मारले होते. दुसरा बूट घालायला वाकलो तर आयरीनचा भाऊ लिओ आतून ओरडला, "जागचं हलायचं नाही." मला वाटलं थट्टा चाललीय. खिडकीतून पाहिलं तर आयरीन ओट्याशी उभी, दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत, आणि ढिम्म हलत नाही. डाव संपला, चार धावा झाल्या, तोवर कणीक तिच्या हातांवर वाळून पांढरी झाली होती आणि सोलून काढावी लागली. "दुखतंय का गं?" मी विचारलं. "चार धावा झाल्या," ती म्हणाली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. त्या घरचा कायदा एवढाच: चांगलं चाललेलं असताना ज्यानं जे धरलंय ते त्यानं सोडायचं नाही, जो जिथं आहे त्यानं तिथून उठायचं नाही. लिओ हा त्या कायद्याचा न्यायाधीश. वरच्या चौकात त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या लग्नाच्या जेवणात बहिणीच्या नावानं चार शब्द बोलायला तो उठला नाही, बसल्या बसल्याच प्याला उंचावला, कारण कोपऱ्यातल्या रेडिओवर तिसऱ्या बेसवर आमचा माणूस उभा होता. पाहुण्यांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त माझ्या आईला वाटलं.

मी आधी हसायचो. मग हसणं कमी झालं. खाणीत रेडिओ लागत नाही, दोन हजार फुटांवर कसला लागतोय, पण वर बसून माणसांचा पाळणा वरखाली करणारा गडी आमचाच होता. धाव झाली की तो घंटेची दोरी हलकेच ओढायचा, साहेब लोकांच्या लक्षात येणार नाही इतपत. आणि सबंध बोगदाभर माणसं फावडं आहे तिथंच धरून उभी राहायची. अंधारात, पाठीला बाक, तोंडात मीठ. मीही राहिलो. एकदा राहिलं की सुटका नाही. आमची टीम तशी हरण्यातच पटाईत. पराभव आमच्या पाचवीलाच पुजलेला. सप्टेंबरात वर जायची, ऑक्टोबरात तोंडावर पडायची, आणि दरवेळी आयरीन स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची आणि मग येऊन म्हणायची, "तू सातव्या डावात खोकलास." मी म्हणायचो, "माझ्या खोकल्यानं सहाशे मैलांवरचा माणूस चेंडू सोडतो होय?" ती म्हणायची, "मी असं म्हटलं नाही. तू खोकलास एवढंच म्हटलं." आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल मात्र तिनं कुणाला कधी दोष दिला नाही, मलाही नाही, स्वतःलाही नाही. दोष द्यायची सगळी हौस ती तिथंच भागवून घ्यायची, आणि ते मला बरंच वाटायचं.

त्या वर्षी टीम अंतिम मालिकेपर्यंत गेली आणि आयरीन हॉस्पिटलात गेली, दोन्ही एकाच आठवड्यात. सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो विजेता. आयरीनच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. मला कॉरिडॉरच्या टोकाला, जिथं भिंतीला लावलेला टेलिफोन आहे तिथं नेऊन म्हणाले, महिने नाहीत, दिवस. "त्यांना सांगू नका. धीर सुटेल." तेव्हा तशीच पद्धत होती. नवऱ्याला सांगायचं आणि बायकोला ताकास तूर लागू द्यायची नाही. मी मान हलवली. मला वाटतं मी थँक्यूही म्हणालो. मग तोंड धुऊन आत गेलो आणि उशीवरचा छोटा रेडिओ तिच्या कानाशी नीट लावून दिला. पहिला सामना हरलो. दुसरा हरलो. तिसरा तर इतका वाईट हरलो की तिनं रेडिओ पाचव्या डावातच उशीखाली घातला, आणि तरी तो बंद केला नाही. तिन्ही दिवस मी तिच्या डाव्या बाजूला, त्याच लोखंडी खुर्चीत. चौथ्या दिवशी दुपारी मी टोपी काढून बसणार तोच ती म्हणाली, "कॅझ, वाईट वाटून घेऊ नकोस. तू खाली जा."

"खाली म्हणजे?"

"गाडीत बस. तुझी खुर्ची वाईट आहे."

"मग खुर्ची बदलतो."

"खुर्ची नाही रे. तूच." आणि हसली. ओठ सुकलेले होते, तरी हसली. "जा. आपण जिंकलो की ये."

मी गेलो. जुन्या प्लिमथमध्ये बसून सामना ऐकला, बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून इंजिन चालू करत. आणि जिंकलो. पाचव्यालाही गाडीतच बसलो, त्याच जागी गाडी लावली, त्यासाठी सकाळी सातला जाऊन जागा धरली. पुन्हा जिंकलो. वर गेलो तर ती उशीला टेकून बसलेली, गालांवर रंग आलेला, तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं दोन चमचे सूप घेतलं होतं. "पाहिलंस?" म्हणाली. "सांगितलं नव्हतं?" मला तेव्हा काय वाटलं ते सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. मला वाटलं, डॉक्टरला काय कळतंय. तीन हरलेली टीम जर परत येऊ शकते. हे वाक्य मी पुरं केलं नाही, मनातसुद्धा नाही. मनात पुरं केलं तरी दृष्ट लागते. लिओचा दुकानातून फोन आला तेव्हा तोही म्हणाला, "कॅझ, गाडी हलवू नकोस. मीही हलत नाही." म्हणजे तो हॉस्पिटलला येणार नव्हता. चौथ्या सामन्याच्या वेळी तो दुकानातल्या शिलाई यंत्रापाशी, स्टुलावर, डावा पाय दांडीवर ठेवून बसला होता. आता मालिका संपेपर्यंत दुपारचा मुक्काम तिथं. मी म्हटलं, सकाळी येऊन जा. तो म्हणाला, "सकाळी आलो आणि दुपारी हरलो तर तिला काय तोंड दाखवू?" मी हे आयरीनला सांगितलं तर ती खूष झाली. "लिओ खरा माणूस," म्हणाली.

आणि आता सहावा. हरलो की खेळ खलास. जिंकलो की उद्या सातवा. उद्या हा शब्द मी त्या गाडीत बसून किती वेळा चघळला असेल त्याला गणती नाही. आम्ही दोन धावांनी मागे होतो. सिस्टर टॅलबट माझ्या शेजारी, मांडीवर हात ठेवून, गाडीत औषधांचा वास घेऊन बसली होती, आणि टिल्मन एकेक चेंडू टोलवून रेषेबाहेर घालवत होता. मी तिला विचारलं नाही, वर काय झालंय. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. दुपारी दीडला मी निघालो तेव्हा आयरीनची नखं निळसर दिसत होती, ते मी पाहिलं होतं आणि खिडकीतल्या उजेडावर ढकललं होतं. आता डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती कायद्याची नव्हती. म्हणजे कायद्याचीही होती, खोटं कशाला बोलू. पण खरी भीती वेगळी होती. मी वर गेलो, असा, डाव चालू असताना, दोघं बेसवर असताना दारात उभा राहिलो, तर आयरीनला माझं तोंड पाहायचीसुद्धा गरज पडणार नव्हती. सव्वीस वर्षांत जे मी केलं नाही ते मी करतोय म्हणजे काय, ते तिला तिथल्या तिथं कळणार होतं. डॉक्टरनं सांगायचं नाही म्हटलं होतं, मी सांगितलं नव्हतं, आणि आता नुसतं दारात उभं राहून सांगणार होतो. मी गाडीत बसलेला आहे तोवर तिला उद्या आहे. हे मला इतकं पटलं की मी स्टीअरिंग घट्ट धरून ठेवलं. आणि मग वाटलं, ती एकटी आहे. रेडिओ आहे, पण एकटी आहे. मी कुणाची राखण करत इथं बसलोय, तिची की माझी? वर जाऊन जे बघावं लागेल ते बघायचं नाही म्हणून तर हा कायदा मला आज इतका सोयीचा वाटत नाही ना?

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

ती तिशीची असेल. गळ्यात क्रूस होता तो तिनं ओठांशी धरला होता. मग म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी ड्युटीवर होते. दुसऱ्याच्या वडिलांपाशी." एवढंच. नंतर पुढं, "मी बसते गाडीत. कुणीतरी बसलेलं असलं म्हणजे झालं ना?" ती थट्टा करत नव्हती. या गावात जन्मलेलं माणूसच असं काही बोलू शकतं. मी दार उघडलं आणि निघालो.

लिफ्ट वर अडकलेली, म्हणून जिना घेतला. चार मजले. खाणीत छाती गेलेली, दुसऱ्या मजल्यावरच धाप लागली. जिन्यात बेसबॉल नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदाच कानात काही नव्हतं, नुसते माझे बूट आणि माझा श्वास. तिसऱ्या मजल्यावर कुठल्यातरी खोलीतून माणसांचा एकदम आवाज आला, ओरडल्याचा नाही, हवा निघून गेल्याचा. मी कठडा धरून उभा राहिलो. मग उरलेला मजला चढलो.

ती जागी होती. चेहरा इतका लहान झाला होता की उशीच मोठी वाटत होती. रेडिओ कानाशी. मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"तू इथं काय करतोयस?"

"थंडी वाजत होती खाली."

"टिल्मननं सरळ त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या हातात मारला," ती म्हणाली. शब्दाशब्दाला थांबत होती. "एका चेंडूत दोघं बाद. डाव खलास. केव्हा, माहितीय? तू जिन्यात होतास तेव्हा."

"लिफ्टनं आलो."

"धापा टाकतोयस, कॅझ."

मी खुर्ची ओढली नाही. दारापाशीच उभा. ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे सोडून खोलीतल्या सगळ्याकडे बघत होतो. पाण्याचा पेला, तिची जपमाळ, शेजारणीनं पाठवलेला केक, त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"कुठले डॉक्टर?"

"कॅझ."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, कुणी आपल्याला न सांगता मोठा खर्च केला की बघतो तसं. मग म्हणाली, "केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या सामन्यापासून."

"आणि गाडीत बसलास."

"तूच म्हणालीस."

"हो. मीच म्हणाले." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "मला वाटलं, तुला बाहेर काढलं की तुला बघावं लागणार नाही." म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आठवडाभर आम्ही दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, एकमेकांसाठी, मध्ये चार मजले ठेवून. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि तिच्यासमोर दोन्ही दाबावं लागलं म्हणून कान दुखायला लागले.

रेडिओवर नववा डाव सुरू झाला. आमची शेवटची पाळी. तीन माणसं बाद व्हायची तेवढी उरली. मी म्हटलं, "जाऊ का खाली?" खरंच विचारलं. आणि तिनं खरंच विचार केला. मी तिला ओळखतो, ती उगाच बोलायची म्हणून बोलत नाही. तिची भुवई एवढीशी वर गेली, हिशेब करताना जाते तशी. दोन धावा मागे. तीन बाद. उद्या सातवा. मला वाटलं ती म्हणेल, जा. म्हणाली असती तर मी गेलो असतो.

"नको," ती म्हणाली. "बस."

मी बसलो. डाव्या बाजूला, त्याच वाईट खुर्चीत. तिनं हात चादरीवर उपडा ठेवला होता तो मी उचलून हातात घेतला. पहिला बाद झाला. दुसऱ्यानं उंच मारला, समालोचक ओरडायला लागला, तिची बोटं माझ्या बोटांत घट्ट झाली, कुठून आला तिच्यात एवढा जोर कोण जाणे, आणि कुंपणाशी कुणीतरी तो झेलला. तिसरा तीन चेंडूंत गेला, बॅट लावायचीही तसदी न घेता. मग दुसऱ्या गावातल्या लोकांचा आरडाओरडा रेडिओतून आमच्या खोलीत भरला. तिनं अंगठ्यानं बटण फिरवून तो बंद केला.

"तुझ्यामुळे हरलो," ती म्हणाली.

"हो."

"मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग."

हात तिनं सोडला नाही. रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, सातवा सामना असता तर ज्या वेळी सुरू झाला असता त्या वेळी, ती गेली. शेवटचे काही तास ती बोलत नव्हती, पण मी खुर्चीतून उठलो की तिची बोटं शोधायची, म्हणून मी उठलो नाही.

मंगळवारी प्रार्थनेच्या आधी लिओ आला. काळा सूट, बोटांना तोच पॉलिशचा काळपट रंग. शवपेटीपाशी गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली, आणि मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. मग पुढं बघतच म्हणाला, "कॅझ, एक विचारतो. खरं सांग. तू गाडीत होतास ना?"

"नाही. वर गेलो."

"कितव्या डावात?"

"आठव्या."

"टिल्मन?"

"टिल्मन."

त्यानं मान हलवली, सावकाश, दोनदा. "वाटलंच मला. तसा माणूस असा सरळ हातात मारत नाही." मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्याच होत्या, कुणीतरी द्यायला हव्या होत्या. तो म्हणाला, "ती बोलत होती तेव्हा?"

"बोलत होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्यामुळे हरलो."

"बरोबर म्हणाली," लिओ म्हणाला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि न वापरता गुडघ्यावर उलगडून ठेवला. पुढं बायका माळ जपत होत्या. "मी नाही हललो, कॅझ. शेवटपर्यंत नाही. पाय दांडीवर होता तो दांडीवरच." मग त्याचा आवाज खाली गेला. "दुकानात फोन आला होता, स्टुलावरून हात पोचतो तिथंच आहे तो. कुणी सिस्टर होती. म्हणाली, बहिणीला भेटायचं असेल तर आत्ता या. आपला पहिला माणूस नुकता बेसवर गेला होता. मी काही बोललो नाही. रिसीव्हर काउंटरवर ठेवला. बंद नाही केला, नुसता ठेवला. टिल्मन बाद झाल्यावर उचलला, तर पलीकडे कुणी नव्हतं."